जाळ्याचं शिसं

दोह्यातल्या म्युझियममध्ये काचा पुसणारे एक चाचा आहेत, रत्नागिरीकडचे. शुक्रवारी गेलो की भेटतात, पण नाव मी कधी विचारलं नाही. पुसण्याआधी ते काचेवर तोंडाची वाफ सोडतात. आतली वस्तू क्षणभर पाण्यात बुडाल्यासारखी दिसते. ती तशी बघत ते थांबतात आणि मग सावकाश फडकं फिरवतात.

एका काचेपाशी मात्र ते फारच रेंगाळतात. आत पत्र बंद करायची शिशाची जुनी मोहोर आहे, वाळवंटातल्या कुठल्याशा ख्रिस्ती मठाची. पत्राची दोरी जायला तिला आरपार भोक आहे.

"आमच्या जाळ्याचं शिसं हाय हे," ते एकदा म्हणाले. "दोरीत ओवायचं न् पाण्यात सोडायचं."

"चाचा, हे वाळवंटात सापडलंय. पत्रांना लावायचे."

"असंल. तवा दर्या तिथवर असंल. दर्या हटतो ना, भाऊ. आपण हुबे हाव, हितं पण दर्याच होता."

मी हसणार होतो. पण समुद्रात भराव घालणाऱ्या कंपनीतच मी इंजिनीअर आहे.

त्यांनी काचेवर पुन्हा वाफ सोडली. मोहोर हळूहळू बुडाली. त्यांनी फडकं उचललं.

"चाचा, थांबा जरा," मी म्हणालो. "पुसू नका."