पॅसेजमधले अनवाणी मामा

स्वतःपासून इतकं अंतर राखून वागणारा माणूस, माझ्या बायकोच्या मामांखेरीज, अख्ख्या भिवंडी तालुक्यात झाला नसेल. मामा दोन पतपेढ्यांचे कार्यकारी संचालक होते. दोन्ही एकाच इमारतीत, समोरासमोर. मध्ये अरुंद पॅसेज. सकाळची पेढी त्यांनी स्वतः कोन गावच्या शेतकऱ्यांना जमवून उभी केलेली. दुपारची त्यांच्या खारबावच्या मित्राची. तो मरताना "हिला बघ" म्हणाला, म्हणून गळ्यात पडलेली. जेवणापर्यंत मामा एकीचे, जेवणानंतर दुसरीचे. एकीचं वारंही दुसरीला लागू द्यायचं नाही हा हट्ट एवढा, की आत वावरायच्या चपलाही दोन्ही दारांशी वेगवेगळ्या होत्या. पॅसेज मात्र ते अनवाणी ओलांडत. तेवढ्यापुरते ते कुणाचेच नसत.

मी दुपारच्या पेढीत कारकून, त्यामुळे हे सगळं जवळून सोसलं. मामा सकाळी समोर बसून ठेवींचा व्याजदर स्वतःच वाढवायचे आणि दुपारी आमच्या दारातून तिकडची दराची पाटी वाचून मनापासून चिडायचे: "समोरच्यांना अक्कल न्हाय. आपली गिऱ्हाइकं पळवतात." एकदा एका लूमवाल्याचा कर्जाचा अर्ज त्यांनी सकाळी नाकारला. बिचारा दुपारी आमच्याकडे आला, तर खुर्चीत पुन्हा मामाच. "सेठ, सुबह आपने ही तो मना किया," तो म्हणाला. मामा चष्मा पुसत म्हणाले, "ते समोरचे. त्यांनी का नाकारलं याची आम्ही चौकशी करू." आणि चौकशीला मला पाठवलं. मी पॅसेज ओलांडून रिकामी खुर्ची बघून आलो आणि साहेब जागेवर नाहीत, असं सांगितलं. मामा लूमवाल्याकडे वळले. "बघा. दुपारचे कधी भेटायचे न्हाईत ते."

मग सहकार खात्याचं पत्र आलं. एका माणसाने दोन वित्तसंस्थांत कार्यकारी पद ठेवायचं नाही, एक सोडायचं. मामांनी ते सकाळी तिकडे वाचलं, दुपारी आमच्याकडे वाचलं आणि दोन्हीकडे मान डोलावली. "नियम बरोबर हाय. लोक हिकडचं तिकडं करतात." संध्याकाळी घरी गेले आणि जेवले नाहीत.

आमची पेढी त्यांनी ठेवावी, असं मी मनात धरलं होतं. कारण माझी नोकरी, दुसरं काही नाही. हे लिहितानाही मान खाली जाते. त्यांनी आमचीच ठेवली. स्वतः उभी केलेली का सोडली, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जावईबापू, माझी हाय ती मी सोडू शकतो. त्याची कुणाला विचारून सोडू?"

तरी ते सकाळच्या वेळेलाच येत राहिले. दुपार होईपर्यंत पॅसेजमधल्या बाकावर अनवाणी बसत. समोरचा नवा माणूस बाहेर येऊन म्हणे, "मामा, आत या, चहा घ्या." मामा हसून नको म्हणत. आपल्या चपला तरी घेऊन जा, असं मी एकदा सुचवलं. "त्या समोरच्या हायत," ते म्हणाले.

मामा गेल्यापासून आता बाकही रिकामा असतो. चपला अजून त्या दाराशी आहेत. झाडणारी बाई त्या उचलते, खालची धूळ काढते आणि पुन्हा तिथेच, पायात घालायला सोप्या पडतील अशा, आत तोंड करून ठेवते.