रिकामा रकाना

मोजणीअक्का घरात शिरली की आधी पुरुषांना बाहेर काढायची. तोंडावर 'बाहेर जा' म्हणायची नाही. म्हाताऱ्याला म्हणायची, "अप्पा, माझी गाडी उन्हात हाय, जरा लिंबाखाली घेता का?" गाडी तिनेच मुद्दाम उन्हात लावलेली असायची. तरण्याला सांगायची, "अण्णा, दारावरचा नंबर पुसलाय, खडू मिळतोय का बघा." आमच्याकडे खडू फक्त शाळेत मिळतो आणि शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. पुरुष गेला की ती उंबऱ्याच्या आत भिंतीला पाठ लावून बसायची, कागद अडकवायची फळी मांडीवर घ्यायची आणि म्हणायची, "हं, आता सांगा."

ती सरकारी आरोग्य खात्यातली. औरादकडची. मराठी, कानडी, तेलुगू, दखनी, जिला जे कळेल त्यात विचारायची. दरवर्षी दारोदार फिरून कोणाला काय आजार आहे ते लिहून वर पाठवायचं, हे तिचं काम. आईबापांनी ठेवलेलं नाव बरं होतं, पण गावाने मोजणीअक्का केलं. आवाज घसा बसल्यासारखा, गोड बोलणं ठाऊक नाही. मलाही येत नाही, म्हणून आमचं जमलं.

पुरुषांना कामून हाकलतेस, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "मावशी, बाईला काय होतंय म्हणून विचारलं तर उत्तर नवरा देतो. आणि तो म्हणतो, काय न्हाई." खरंच होतं. माझा नवरा मरेपर्यंत माझ्या वतीने 'काय न्हाई' म्हणत आला.

बाई रडगाणं गायला लागली की ती मधेच तोडायची. "तुमाला काय वाटतं ते नको. काय झालं ते सांगा. आधी काय झालं, मग काय झालं." नजर लागली, कोणी काही केलं, असलं तिच्या कागदावर चढायचं नाही. वय तर ती विचारायचीच नाही. आमच्या पिढीतल्या किती बायकांना आपलं वय माहीत आहे? थोरला शाळेत जात होता का, घरामागची बोअर पाडली त्याच्या आधी का नंतर, असं खोदून खोदून ती वय काढायची. चहा घ्यायची नाही. चहा पाजला की बायका पाहुणी समजून गोड बोलतात, खरं बोलत नाहीत, म्हणायची. बायकांना राग यायचा. मलाही यायचा.

एकदा तिच्या कागदात एका घरापुढचा रकाना रिकामा दिसला. मी म्हटलं, न्हाई लिही की, त्या घरात सगळे धडधाकट आहेत. तिने पेन बंद केलं.

"घराला कुलूप व्हतं, मावशी. न्हाई म्हणजे मी विचारलं आणि ते न्हाई म्हणाले. रिकामं म्हणजे मी विचारलंच न्हाई. ही दोन एक न्हाईत."

मी चौथीपर्यंत शिकले, तरी हे मला तिथल्या तिथे कळलं. ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ती आली तेव्हा माझ्या सुनेची, सुरेखाची, गर्भाची पिशवी काढायचं ठरलं होतं. तिशीही ओलांडली नव्हती पोरीने. अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात मशीन लावून बघितलं आणि सांगितलं, पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. तुरीची रास झाली की जायचं होतं. सुरेखा भ्यायली होती. मीच तिला म्हणाले होते, माझी तुझ्याच वयात काढली, मी काय मेले का? दर महिन्याची कटकट गेली.

अक्काने मल्लिनाथला, माझ्या मुलाला, खडू आणायला धाडला आणि सुरेखाला सोडून माझ्याकडे वळली. "तुमचं सांगा. पिशवी काढल्यावर काय झालं?"

"काय न्हाई," मी म्हणाले.

"आधी काय झालं?" तिने विचारलं. मग मी क्रमाने सांगायला लागले. त्याच वर्षी अंगाची आग व्हायला लागली. घाम फुटायचा, झोप गेली. मग गुडघे. मग खळ्यात नुसती हातावर पडले तर मनगट मोडलं, आणि तेव्हा माझे केसही पिकले नव्हते. इतकी वर्षं हे सगळं मी कामावर ढकललं होतं. एकापुढे एक ठेवून कधी बघितलंच नव्हतं.

दवाखान्याचा कागद आहे का, म्हणाली. ट्रंकेतून काढून दिला. इंग्रजीतला तो कागद मी देवाच्या पोथीसारखा जपला होता. तिने वाचला आणि सांगितलं की पिशवीबरोबर तिच्या दोन्ही बाजूंची अंडाशयं पण काढली होती, हाडांना बळ त्यांच्याकडून मिळतं. माझ्या अंगातून काय काय नेलं ते मला नातवंडं झाल्यावर कळलं. मला कोणी विचारलं नव्हतं. अंगठ्याऐवजी सही करता येते याचाच त्या दिवशी मला अभिमान वाटला होता, आणि सही मी केली होती.

मग अक्काने आपल्या झोळीतून शाळेची एक वही काढली. सरकारी कागदात पिशवी काढलेल्या बाईला रकानाच नव्हता. ताप, खोकला, शुगर, बीपी, सगळ्याला होता. म्हणून ती कागदाच्या कडेला पेन्सिलने टिपायची आणि या वहीत उतरवून ठेवायची. तिने आमची गल्ली वाचली. एकेका बाईचं नाव, तेव्हाचं वय, आणि काय सांगून काढली. कोपऱ्यावरच्या घरापासून मारुतीपर्यंत नावं वेगळी, कारण एकच: कॅन्सर होईल. त्यात माझी धाकटी जाऊ होती. तिला त्या दवाखान्यात मीच नेलं होतं. आज ती काठी टेकत परसाकडे जाते.

"यातल्या कुणाला तपासून सांगितलं आणि कुणाला नुसतं बघून सांगितलं, ते मी विचारते," अक्का म्हणाली. "तपासणीचा कागद अजून एकीनं दाखवला न्हाई."

"मग हिची काढू नको म्हण की सरळ."

"मी डॉक्टर न्हाई, मावशी. मी मोजते."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. खडू घेऊन मल्लिनाथ परत आला तेव्हा ट्रंक उघडीच होती. तो म्हणाला, काय झालं? सुरेखा म्हणाली, काय न्हाई.

ठरल्या दिवशी मी सुरेखाबरोबर गेले. डॉक्टरला म्हटलं, आधी तपासणी करा, कॅन्सरचा कागद दाखवा, मग कापा. तो हसला. मी हटले नाही, तसा चिडला.

"आजी, डॉक्टर तुम्ही का मी?"

"तुमीच. म्हणून तर तपासा म्हणायलेय."

त्याने फाइल ढकलून दिली आणि कॅन्सर झाल्यावर या म्हणाला. सुरेखा जिना उतरेपर्यंत रडत होती. तिला वाटलं, मी तिचं मरण ओढवलं. तिथून मी तिला सरकारी मोठ्या दवाखान्यात नेलं. दोन फेऱ्या झाल्या, ताटकळलो, तिथल्या नर्सची बोलणी खाल्ली, पण तपासलं. आतून जंतू झाले होते. गोळ्या दिल्या, तिला आणि मल्लिनाथलाही. त्याने कुरकुरत घेतल्या. सुरेखा बरी झाली. पिशवी जागेवर आहे.

अक्का पुन्हा आली तेव्हा मी तिला आनंदाने सांगितलं नाही, भांडले. इतकी वर्षं वहीत नावं लिहीत बसलीस, एकीला तरी थांबवलंस का?

ती म्हणाली, "न्हाई थांबवलं. मला वाटायचं, कागद वर गेला की कुणीतरी बघंल आणि थांबवंल."

त्यानंतर तिने ती वही घेऊन वरचं ऑफिस गाठलं. तिथे तिला कळलं की तिने पाठवलेले कागद कॉम्प्युटरवर चढवताना कडेची पेन्सिल कोणी घेतलीच नव्हती. आणि जिथे रकाना रिकामा, तिथे सरसकट 'नाही' भरलं होतं. कुलूप लावलेली घरं निरोगी. न विचारलेल्या बायका निरोगी. ती साहेबांशी भांडली. साहेबांनी वही बघतो म्हणून ठेवून घेतली आणि महिन्याभरात हिची बदली लांबच्या तालुक्यात झाली. वही परत आली नाही. तो खाजगी दवाखाना अजून चालू आहे. त्याच्यावर आणखी एक मजला चढलाय.

जायच्या आदल्या दिवशी ती आली, फळी न घेता. गाडी सावलीत लावली आणि भिंतीशी न बसता बाजेवर बसली. "मावशी, चहा टाका," म्हणाली. सरपण ओलं होतं, चहाला धुराचा वास आला. तरी प्याली. कपबशी स्वतः विसळून पालथी घातली आणि गेली. वळून बघणाऱ्यातली ती नव्हती. मीही दारात उभी राहिले नाही.

गेल्या आठवड्यात तिच्या जागेवरची नवी मुलगी आली. हातात मोबाइल. दारातच मल्लिनाथला विचारलं, घरात कुणाला काही आजार? तो म्हणाला, काय न्हाई. तिचं बोट मोबाइलवर टेकणार, तेवढ्यात मी ओरडले.

"मल्लिनाथ, पोरीची गाडी उन्हात हाय. लिंबाखाली घे."

तिला आत बसवलं. ट्रंकेतला कागद पुढ्यात ठेवला. आधी काय झालं, मग काय झालं, सगळं क्रमाने सांगितलं. माझं झाल्यावर जावेचं, मग कोपऱ्यापासून मारुतीपर्यंत गल्लीचं. वही गेली तरी नावं माझ्या डोक्यात आहेत. पोर घाबरली.

"आजी, याला मोबाइलमधी जागाच न्हाई. हो आणि न्हाई, दोनच हायती."

"मग रिकामं ठेव."

"रिकामं ठेवलं तर पुढं जात न्हाई."

"मग तू बी जाऊ नको पुढं. तुझ्या साहेबाला फोन लाव आणि इथंच बस."

ती साहेबांना फोन लावत बसली. एकदा लावला, दोनदा लावला. उचलेना. उन्हं अंगणात आली. सुरेखाने आतून विचारलं, आत्याबाई, चहा ठेवू का?

नको म्हटलं.