तिसऱ्या दिवसानंतरच्या सह्या

नोकरीतली बरीच प्रकरणे आता पुसट झाली आहेत. हे एक मात्र जसेच्या तसे डोळ्यांसमोर येते. पत्नी गेल्यापासून तर वारंवार येते, म्हणून लिहून ठेवतो.

मी तेव्हा कल्याणच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळच्या टपालात एक निनावी पत्र आले. एका संस्थेने अनुदानातून शिक्षकांसाठी पाच दिवसांचे प्रशिक्षण घेतले होते. वर्गात टॅब कसा वापरायचा, त्यावर स्वतःचा पाठ कसा तयार करायचा, हे त्यात शिकवले होते. पत्रात लिहिले होते की त्यांतील एक शिक्षिका तिसऱ्या दिवशी दुपारी रुग्णालयात वारल्या, तरी चौथ्या आणि पाचव्या दिवशी हजेरीपत्रकावर त्यांची सही आहे.

"साहेब, भूत ट्रेनिंग घेतंय," आमचे हवालदार म्हणाले. मी हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

हजेरीपत्रक मागवले. सही पाचही दिवस होती. शिक्षकांना एकेक करून बोलावले. कोणी काही पाहिले नव्हते. दुसऱ्याला पाठीशी घालताना शिक्षकही आपल्या विद्यार्थ्यांसारखेच जमिनीकडे बघतात, हे तेव्हा कळले.

उलगडा टॅबमधून झाला. मृत शिक्षिकेच्या टॅबवर पाण्याच्या तीन अवस्थांचा एक पाठ सापडला. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वर्ग सुटल्यावर केलेला होता. पाठ बाईंच्या आवाजात होता; त्यांना मध्येमध्ये धाप लागत होती आणि मागे कोणी 'सिस्टर' म्हणून हाका मारत होते. टॅब बाहेर नेल्याच्या नोंदवहीत सही होती ती खडवलीकडच्या शाळेतल्या त्यांच्या सहकारी बाईंची. निवृत्तीला त्यांची दोन वर्षे उरली होती.

त्या आल्या. पाणी दिले, ते प्यायल्या नाहीत.

"सह्या मीच केल्या, साहेब. शेजारणीची सही करणं आमच्यात कुणी गुन्हा धरत नाही. पहिले दोन दिवस मी दिवसभर शिकायचं आणि संध्याकाळी तिचा टॅब घेऊन रुग्णालयात तिच्या खाटेशी बसायचं. मी शिकवलं, ती शिकली. म्हणायची, 'अगं, या वयात मला पुन्हा शाळेत बसवलंस!'"

"पण त्या गेल्यानंतर?"

"पाठ तिने पुरा केला होता. प्रमाणपत्र तिच्या हक्काचं होतं आणि तीन दिवसांच्या हजेरीवर ते देत नाहीत." मग हळूच म्हणाल्या, "साहेब, तो पाठ तेवढा जपा. चौकशी लागली तर ती शिकली हे दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नाही. माझी नोकरी त्यावर आहे."

"नोंद घेतो," मी म्हणालो.

घेतलीही. टॅबचा क्रमांक, रंग, काचेवरचा ओरखडा. जबाबात कबुली स्पष्ट होती, त्यामुळे पाठाची प्रत काढावी असे मला वाटले नाही. गुन्हा दाखल न करता मी अहवाल शिक्षण विभागाकडे पाठवला आणि टॅब पावती घेऊन संस्थेला परत केला. बाईंना आपण वाचवले, अशा समाधानात त्या दिवशी घरी गेलो.

काही महिन्यांनी विभागीय चौकशीत साक्षीला गेलो. बाईंनी पाठ दाखवण्याची मागणी केली. संस्थेचा माणूस म्हणाला, "टॅब तर पुढच्या बॅचला दिलेत. आधीचं सगळं पुसूनच देतो." त्याचे काही चुकले नव्हते. जपून ठेवा, असे मी त्याला सांगितलेच नव्हते.

पाठ मी ऐकल्याचे तोंडी सांगितले. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले, "अहवालात तसा उल्लेख आहे?" नव्हता. बाईंची नोकरी गेली.

बाहेर जिन्यापाशी त्या थांबल्या होत्या. मी काही बोलण्याआधीच त्यांनी विचारले, "तुम्ही तिचा पाठ ऐकलात ना पूर्ण? समजला?"

"समजला," मी म्हणालो.

"मग चांगला झाला होता," असे म्हणून त्या जिना उतरल्या.

माणूस दोषी ठरेल एवढे गोळा झाले की पोलिसाचा हात थांबतो. त्याच्या बाजूचेही तितक्याच काळजीने गोळा करायचे असते. हे मी पुढे प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सांगितले. त्या बाईंना त्याचा काही उपयोग झाला नाही.