पहिले तीन दिवस

प्राणिशास्त्राचे बावणे सर वर्षाच्या पहिल्या तासाला हजेरी घेत नसत. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, "जन्मल्यावर पहिले तीन दिवस तुले काय पाजलं? माहीत नाही? मंग घरी विचारून येजो." आलेलं उत्तर ते लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहून ठेवत. मागच्या बाकावरची मुलं हसायची. कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिली. या प्रश्नालाही मार्क असतील असं समजून मी आईला विचारलं.

"मधाचं बोट," आई म्हणाली. "पहिल्या दुधाचा चीक जड असते वं. तो आम्ही राखेत पिळून टाकतो."

वहीत बहुतेकांच्या नावापुढे असंच काहीतरी होतं: मध, गुळाचं पाणी, शेळीचं दूध.

सर उमरेडकडच्या शेतकरी घरातले. त्यांची पुस्तकी मराठी दहा मिनिटांत संपायची. एकदा त्यांनी फळ्यावर शेळीचं आणि बाईचं गर्भाशय शेजारी शेजारी काढलं. "शेळीच्या पोटात माय अन् पिलाच्या रक्तामंधी जाड पडदा. मायची प्रतिपिंडं, रोगाशी लढणारी, पलीकडे जातच नाहीत. करडू कोरं जन्मते. चीक नाही भेटला तं मरते, म्हणून तो कोणी फेकत नाही. माणसाचा पडदा पातळ. कोट्यवधी वर्षांत दोघांचे पडदे असे वेगळे झाले. पोराले थोडी शिदोरी पोटातच भेटते, म्हणून चिकाबिगर बी पुष्कळ पोरं जगतात. अन् म्हणूनच आपली चूक आपल्याले दिसत नाही."

त्या हिवाळ्यात माझ्या वहिनीचे दिवस भरत आले होते. प्रात्यक्षिक संपल्यावर मी सरांच्या टेबलाशी थांबले.

"काय वं?"

"सर, घरी सांगायची हिंमत होत नाही. आई म्हणेल, लय शिकली."

सरांनी वहीचं पहिलं पान उघडलं. पहिल्या ओळीत नावाची जागा कोरी होती. पुढे नुसतं 'मध'.

"माही पहिली पोरगी. बारशाच्या आधीच गेली. चिकानं वाचली असती असं नाही म्हणत मी. ते कोणीच सांगू शकत नाही. पण मी तवा एम.एस्सी.ले होतो. हे सारं पाठ होतं. अन् मायपुढं तोंड उघडलं नाही."

मग ते सूक्ष्मदर्शकाची काच पुसत बसले.

आठवड्यानं वहिनी घरीच बाळंत झाली. मुलगा. आमचं घर इतवारी बाजारामागच्या विणकरांच्या गल्लीत, दोन खोल्यांचं, दाराशी शेळी बांधलेली. बाहेरच्या खोलीत दादाचा माग चालू होता. आई वाटीत राख घेऊन आत निघाली. मी दारात आडवी उभी राहिले.

"सरक ना वं! काहून अडवून राहिली?"

"आई, आपली शेळी व्याली तवा तू करडाचं तोंड लगेच आचळाले लावलं. त्याले तीन दिवस काहून नाही थांबवलं?"

"मरलं असतं ना ते!"

"मंग याले काहून थांबवतं?"

माग थांबला. आई वाटीकडे पाहत राहिली. "माह्या नातवाची बरोबरी करडाशी करते," ती पुटपुटली. मग वळली आणि राख परत चुलीत ओतली. "घे वं सूनबाई, लाव त्याले."

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं. शाबासकी देतील असं वाटलं होतं.

"नाव काय ठेवलं?" त्यांनी विचारलं.

"बारसं व्हायचं आहे, सर."

त्यांनी नावाची जागा कोरी सोडून पुढे 'चीक' लिहिलं आणि वही मिटली.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात पोचले, तेव्हा सर पायऱ्यांवर उभे होते. एका हातात वही, दुसऱ्या हातात टोपण काढलेलं पेन.