दोन इंच नऊ सूत

शेजाऱ्याने दिलेला लाकडी वाडगा आमच्या टीव्हीशेजारी असतो. पत्नी तो रोज पुसते आणि रिकामा ठेवते. मी केलेल्या वाडग्यांपैकी एकात लसूण आहे, दुसऱ्यात चिंच. गोष्ट क्षुल्लक आहे. ती माझ्या लक्षात राहिली आहे.

मी मूल गावच्या एका शाळेत सुतारकाम शिकवत असे. घरामागच्या पडवीत माझी खराद आहे. फिरत्या लाकडाला पटाशी लावून नको तो भाग काढायचा, हे काम निवृत्तीनंतर मी नेमाने करीत आलो. लाकूड एकसंध असावे, सांधा असू नये, ही माझी पद्धत. शेजारी पाटबंधारे खात्यात नकाशे काढत असे. निवृत्त झाल्यावर वेळ जाईना म्हणून तो पडवीत येऊन बसू लागला. पटाशी कशी धरायची, हे त्याला मी शिकवले. सुरुवातीला त्याने माझ्या चांगल्या पटाशीची धार घालवली. ती मी पुन्हा लावली.

पुढे त्याने स्वतःची खराद घेतली आणि तो संगणकाकडे वळला. या कामासाठी एक सॉफ्टवेअर मिळते. भांड्याच्या बाजूची रेघ पडद्यावर ओढली की त्या भांड्याला किती कडी लागतील, प्रत्येक कड्यात किती तुकडे, ते किती लांब आणि कोणत्या कोनात कापायचे, हे सगळे ते सांगते. साग, हळदू, बिजा यांचे लहान तुकडे कापून गोलाकार चिकटवले की एक कडे होते. कड्यावर कडे चिकटवून तो डोलारा खरादीवर चढवायचा आणि मग पटाशी लावायची. पिवळ्या हळदूत बिज्याची तांबूस नक्षी उठते. हे खरादकाम नसून फरशी बसवणे आहे, असे मी त्याला ऐकवले होते. तो हसला. त्याचा पहिला वाडगा पत्नी बराच वेळ हातात फिरवत राहिली.

"मस्तच झालं जी, भाऊ," ती त्याला म्हणाली.

माझे काम पुरे झाल्यावर ती "झालं का?" असे विचारते.

मोहर्लीच्या एका रिसॉर्टमध्ये स्वागतकक्षाच्या मेजावर माझी सागाची फुलदाणी अनेक वर्षे होती. एकाच ओंडक्यातून काढलेली. सफारीहून परतलेले लोक तिच्याशेजारी टोप्या आणि दुर्बिणी ठेवत. गेल्या उन्हाळ्यात ती तडकली. बाहेर आमच्याकडचे ऊन आणि आत एसीचा झोत. कडेपासून बुडापर्यंत भेग गेली. व्यवस्थापकाने हे फोनवर सांगितले. शेजाऱ्याच्या कामाचे फोटो आपण पाहिले आहेत, हेही सांगितले. आता त्याला जोडकामाचेच भांडे हवे होते. आम्ही दोघांनी एकेक करावे, पावसाळ्यानंतर जंगल सफारीसाठी उघडेल तेव्हा दोहोंतले एक मेजावर ठेवू, असे त्याने ठरवले होते.

"टुरिस्ट लोक विचारतात सर, हे बनवलं कसं म्हणून," तो म्हणाला.

माझ्या फुलदाणीबद्दल कोणी तसे विचारले नव्हते, एवढे मला त्यावरून समजले.

ते मेज मला हवे होते. गावाबाहेर माझे काम ठेवलेली ती एकच जागा होती, आणि ती त्याच्याकडे जाणे मला मान्य नव्हते.

नागपूरच्या मुलाकडून जुना लॅपटॉप मागवला. वीजबिल पाहण्यासाठी, असे कारण दिले. सॉफ्टवेअर बसवून द्यायला मात्र शेजाऱ्यालाच बोलवावे लागले. तो आनंदाने आला. त्याने थोडी कुरकुर केली असती तर मला सोपे गेले असते. दुपारभर बसून त्याने रेघ ओढण्यापासून सगळे दाखवले. मापे इंचात यावीत, असे मी सांगितले. ठिपक्यापुढे तीन-तीन आकडे येत होते; एकच ठेवा, जास्तीचे मला नकोत, असेही सांगितले. त्याने तसे करून दिले. आणखी काही विचारायचे आहे का, असे त्याने उठताना विचारले. ज्याला मी पटाशी धरायला शिकवली, त्याला प्रश्न विचारणे मला जमले नसते. मी नाही म्हणालो.

मापे एका कागदावर उतरवून घेतली आणि लॅपटॉप बंद केला. आम्हा सुतारांत इंचाचे आठ भाग करतात. एका भागाला सूत म्हणतात. दोन इंच चार सूत हे माप आम्ही फळीवर पेन्सिलने २.४ असे लिहितो. मधला ठिपका इंच आणि सूत वेगळे ठेवण्यापुरता. कागदावरही पहिल्या कड्याला २.४ होते. मी तुकडे कापायला घेतले. पुढे एका कड्याला २.९ आले. दोन इंच नऊ सूत असे कोणी सुतार लिहीत नाही. आठ सूत झाले की इंच पुरा होतो. यंत्राला लिहिण्याची रीत कळत नाही, हे पाहून मला बरे वाटले. मी ते माप तीन इंच एक सूत असे दुरुस्त करून कापले.

शिसमाची एक फळी मी नोकरीत असल्यापासून जपली होती. तीही या कामात घातली. प्रत्येक कडे नीट मिटले. उजेडासमोर धरले तर एकाही सांध्यातून प्रकाश येत नव्हता. शेजाऱ्याचे इतके घट्ट बसत नाहीत, असा विचार मनात आला.

मग कडी एकावर एक रचली. एक बाहेर आले होते, त्यावरचे आत गेले होते, तिसरे पुन्हा बाहेर. कुठे कुठे फरक कड्याच्या जाडीहून अधिक होता. पटाशीने तो काढता येण्यासारखा नव्हता. दुसरे शिसम माझ्याकडे नव्हते आणि जंगल उघडायला फार अवकाश उरला नव्हता.

शेजारी काम पाहायला आला तेव्हा कडी तशीच रचलेली होती. त्याने एक तुकडा मोजला आणि कागद पाहिला.

"भाऊ, इथी दोन पॉइंट नऊ हाये. तुमी तीनच्या वर काऊन कापलं?"

"नऊ सूत लिहीत नसतात. तीन इंच एक सूत," मी म्हणालो.

त्याने कागद खाली ठेवला. हसला असता तर मी त्याला पडवीबाहेर काढले असते. तो हसला नाही.

"कंप्यूटरले सूत समजत नाई, भाऊ. त्याचा इंच दहाचा हाये."

"तं मंग तसं सांगाचं होतं न," पत्नी दारातून म्हणाली. कोणी कोणाला सांगायचे होते, ते तिने स्पष्ट केले नाही.

माझ्याकडचे लाकूड घ्या, असे तो म्हणाला. मी घेतले नाही. मग त्याने त्याच्या भांड्यावर दोघांची नावे घालू, असे सुचवले. "तुमीच तं शिकवलं मले," हे त्याचे म्हणणे. ते खरे होते, आणि त्याने ते इतक्या सहज म्हणावे, हे मला सहन झाले नाही. माझे नाव माझ्या कामावर असते, असे मी सांगितले.

मेजावर त्याचे भांडे गेले.

कडी पत्नीने उचलून नेली. एक माठाखाली ठेवले. माठ आता डुलत नाही. शेजाऱ्याने ते पाहून आपल्याकरिता एक मागितले. मी दिले. ते त्याच्याकडे स्वयंपाकघरात माठाखाली आहे, टीव्हीशेजारी नाही.

थंडीत एका लग्नानिमित्त मोहर्लीला जाणे झाले. रिसॉर्टमध्ये गेलो. भांडे मेजावर होते आणि एक बाई त्याचा फोटो काढत होत्या. मी जवळ उभा राहून पाहतो आहे हे पाहून त्यांनी ते कसे करतात, असे विचारले. मी सांगितले. कडी, तुकडे, कोन, सगळे क्रमाने सांगितले, शाळेत सांगत असे तसे. तुम्ही केलेत का, असे त्यांनी विचारले. शेजाऱ्याने, असे मी म्हणालो.

त्या गेल्यावर मी भांडे उचलून उजेडात नेले. सांध्यांवरून नख फिरवले. बुडाशी फिरवले, मग पुन्हा कडेशी. नख कुठेही अडले नाही. भांडे होते तसे मेजावर ठेवले.

निघताना व्यवस्थापकाला एसी कधीपासून लावता, असे विचारले. मार्चपासून, तो म्हणाला. एप्रिलअखेर भांडे पाहायला पुन्हा येईन, असे मी त्याला सांगितले.