दारांना खडावा घालणारे तोकुजिरो

माझे सासरे तोकुजिरो चार फूट अकरा इंचांचे होते, आणि त्यांच्यापुढे दांडगे दांडगे मजूर चळचळा कापायचे. मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात, तशातली गत. आमच्या तोनामीच्या शिवारात त्यांच्या तोडीचा सुतार नव्हता. मी त्यांची सून, योशिए. चाळीस वर्षं त्यांचं ऐकून घेतलं आणि त्यांना ऐकवलंही, तेव्हा हे सांगायचा हक्क माझाच.

बाबा मुळात खुज्या घराण्यातले नव्हेत. त्यांचे वडील पाच फूट चार इंच, त्या काळी चांगले उंच. महायुद्धाच्या लढाईनंतर जन्मलेला धाकटा भाऊ तर पाच फूट सहा इंच. मधल्या मधे बाबा सापडले. अंगानं वाढायचं वय आणि लढाई एकदमच आली. तांदूळ सरकार घेऊन जायचं आणि घरात रताळ्याचे वेल शिजायचे. शाळेत दरवर्षी उंची मोजत. बाबांचा वर्ग आधीच्या वर्गांपेक्षा बुटका भरला, तेव्हा मास्तरांनी म्हणे वही मिटून ठेवली आणि पोरांना नुसतंच घरी पाठवलं.

पंधराव्या वर्षी ते सुतारकी शिकायला गेले, तर उस्ताद हसला. "हा सुतार की सुताराचा खिळा रे?" बाबा उस्तादाच्याच घराच्या फळ्यांच्या जमिनीखालच्या पोकळीत, जिथं मांजर शिरताना विचार करील, तिथं सरपटत गेले आणि कुजलेला खांब शोधून बाहेर आले. त्या दिवसापासून त्यांना कुणी परत पाठवलं नाही.

सत्ताविसाव्या वर्षी त्यांनी स्वतःचं घर बांधलं. मधल्या दालनाच्या दारांवर केयाकी लाकडाची हातभर जाड तुळई, चारी खांबांत अशी गुंतवलेली की सगळं घर तिच्यावर पेललेलं. लांबून लोक बघायला यायचे. दारं मात्र सगळी पाच फूट आठ इंचांची, कारण त्यांच्या वडिलांनी बांधलेल्या घरांतही तीच होती. पुढे गिऱ्हाइकं उंच दारं मागायला लागली. बाबा कुरकुरत ती करून द्यायचे. स्वतःच्या घराला मात्र हात लावायचं नाव नाही.

आणि अशा घरात माझी कानाए वाढली. वाढली म्हणजे काय, थांबेचना! सोळाव्या वर्षी पाच फूट दहा इंच. शाळेच्या व्हॉलीबॉल संघात जाळ्यापाशी उभी राहायची तेव्हा माझा ऊर भरून यायचा. पण घरी आली की कपाळाला टेंगूळ. शेजारच्या मात्सुए आजींची जीभ तर काय विचारता! "उंच वाढला एरंड, तरी काय होईल तो इक्षुदंड? योशिए, नवरा कुठून आणशील हिला? शिडी लावून?"

मी म्हटलं, "आणीन हो, तुमच्या दारात नाही मागायला येणार." पण पोरीनं ते ऐकलं होतं.

त्या एप्रिलमध्ये शाळेतून उंची-वजन बघणाऱ्या बाईंचा फोन आला. "कानाएची आई का? अहो, मुलीची उंची गेल्या वर्षीपेक्षा इंचभर कमी भरलीय. वजनही उतरलंय. जरा पाठीचा कणा दाखवून घ्या."

माझ्या पायांखालची जमीनच सरकली. तिला तशीच ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कणा तपासला आणि तिला भिंतीला टेकून नीट उभं केलं. पुरे पाच फूट दहा इंच. "कण्याला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "मोजताना मुद्दाम अंग चोरलंय. पण हिचं पोट रिकामं दिसतंय. घरी जेवते का?"

मग माझी ट्यूब पेटली. दूध नको, मासा नको, भाताची वाटी अर्धी ठेवून उठायचं. मी मूर्ख, मला वाटलं वयाचे नखरे.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा मी सरळच विचारलं, "का गं जेवत नाहीस?"

तिनं अर्धी वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "जेवले की वाढते. मला आता वाढायचं नाही. संघातूनही नाव काढून घेणारे. या घरात मला अकरा वेळा वाकावं लागतं, आई. अकरा दारं. बाहेर लोक हसतात आणि घरात मी मावत नाही."

बाबांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "काय म्हणालीस? वाढू नये म्हणून उपाशी राहतेस?"

"हो, आजोबा."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण ते पोरीजवळ सरकले. "मी बारा वर्षांचा होतो," ते म्हणाले, "तेव्हा मोजपट्टीखाली टाचा उचलल्या होत्या. मास्तरांनी खांद्यावर हात ठेवून मला खाली केलं. एक इंच मिळावा म्हणून मी रोज झाडाला लोंबकळायचो गं. आणि तू आलेली उंची परत करायला निघालीस?"

कानाए रडायला लागली. मीही. माझे यजमान काझुशिगे घाईघाईनं म्हणाले, "बाबा, उद्या तुळईला खालून करवत लावू. चार इंच..."

"माझ्या मढ्यावर लाव करवत! तुळई कापलीस तर घर बसेल." मग पोरीकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "तुझी चूक नाही. माप माझं चुकलं. घर बांधताना मी माझ्या बापाचं माप धरलं. पुढं येणाऱ्या माणसाचं घेतलंच नाही."

सकाळी उठून बघते तर बाबा तातामी चटया उचलताहेत.

"अहो बाबा, हे काय चाललंय?"

"तुळई वर जात नाही ना? मग जमीन खाली जाईल."

वयाच्या साठीत हा माणूस पुन्हा जमिनीखाली शिरला. काझुशिगे खांद्यापर्यंत आत गेले आणि अडकले, त्यांना पाय धरून ओढावं लागलं. बाबा आत सरपटत फळ्यांखालचा एकेक वासा चार इंच खाली घेत होते आणि खालून ओरडत होते, "कानाए, फळी धर! जेवलीस का? नाही? मग फळीला हात लावायचा नाही. आधी जेवून ये!"

सव्वा महिना हे चाललं. शाळा सुटली की पोरगी फळ्या वाहायची. अंगमेहनतीपुढे कुणाचे नखरे टिकतात? आठव्या दिवशी ती भाताची तिसरी वाटी मागत होती. मी पाठ फिरवून भात वाढला, कारण डोळे भरून आले होते.

जमीन खाली गेली तशी सरकती दारं चार इंच अपुरी पडली. बाबांनी प्रत्येक दाराला खालून लाकडाची पट्टी जोडली. आमच्या सुतारांत त्याला दाराला खडावा घालणं म्हणतात. जुनं लाकूड काळं पडलेलं आणि खडावा पांढऱ्या फटक. मी म्हटलं, "रंग द्या की, ठिगळ दिसतंय."

"दिसू दे. लोक विचारतील. तेवढ्यासाठीच तर ठेवलंय."

मात्सुए आजींनी पहिल्याच दिवशी विचारलं. बाबांनी छाती काढून सांगितलं, "नात वाढली. दारांना उंच व्हावं लागलं."

काम संपलं त्या दिवशी कानाए दारातून सवयीनं वाकून आली. "परत जा!" बाबा गरजले. ती परत गेली आणि मान ताठ ठेवून आत आली. डोक्यावर अजून दोन बोटं जागा होती. ती वर बघून हसली. दुसऱ्या दिवशी संघाच्या सरावाला गेली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये पाच-अकरा भरली.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नव्हती. देवाची फळी भिंतीत वर होती तिथंच राहिली आणि जमीन गेली खाली. रोज सकाळी देवाला पाणी ठेवायचे बाबा, आणि आता टाचा उचलूनही त्यांचा हात पोचेना.

मी म्हटलं, "फळी खाली घ्या ना. तुम्हाला दहा मिनिटांचं काम."

"तू गप्प बस." त्यांनी मात्सुए आजींच्या बाजूची खिडकी सताड उघडली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "कानाए! अगं ए लांबडे! ये लवकर! माझा हात पोचत नाही गं!"

मरेपर्यंत त्यांनी ती फळी खाली घेतली नाही. रोज सकाळी तीच खिडकी आणि तीच हाक.