थर्माकोलची खिडकी आणि मामांची आंघोळ

माझ्या सासऱ्यांना मारायचा माझा कसलाही विचार नव्हता. हे वाक्य मी आजही चंदगडला सासुरवाडीला गेलो की चपला काढता काढताच सांगून टाकतो. तिथली माणसं समजूतदार आहेत. मान हलवतात, चहा देतात, आणि मी हात धुवायला परसात गेलो की आपसात हळू आवाजात बोलतात.

गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराच्या हिवाळ्यातली. तेव्हा कोल्हापुरात लोडशेडिंगचा कहर होता. आमच्या कॉलनीत पहाटेच लाइट जायची आणि यायची ती सगळी माणसं कामाला आणि पोरं शाळेला गेल्यावर. त्यामुळं विजेचा गिझर भिंतीवर नुसता शोभेला होता. मी, बायको सुनंदा आणि नववीतली मुलगी पल्लवी अशा तिघांचं पाणी स्वयंपाकघरात पातेल्यात तापायचं आणि तिथून न्हाणीपर्यंत पळत न्यावं लागायचं. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर होतो (नावामुळं लांबच्या पाहुण्यांना बरीच वर्षं मी हॉटेलात आहे असं वाटायचं). कंपनीची गाडी पावणेसातला चौकात यायची आणि ती पातेल्यासाठी थांबायची नाही. शेवटी आम्ही गॅसचा गिझर घेतला.

बसवायला आलेला मिस्त्री मितभाषी होता, पण जाताना दारात थांबून बरंच बोलला. न्हाणी लहान आहे, तर खिडकी कायम उघडी ठेवा. बादली भरून घ्या, गिझर बंद करा, मगच आंघोळीला बसा. ज्योत निळी असली पाहिजे, पिवळी दिसली की मला बोलवा. वर्षातून एकदा साफ करून घ्या. मी त्याला मध्येच थांबवलं आणि सांगितलं की मी आमच्या कारखान्याच्या सुरक्षा समितीवर आहे. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि हत्यारांची पिशवी उचलून तो निघून गेला. आता आठवतं, सुनंदाकडं बघून मात्र त्यानं खिडकीकडं बोट केलं होतं.

पहिला महिना सुखाचा गेला. नळ सोडला की फट्ट आवाज आणि कढत पाणी. मग डिसेंबरची थंडी आली. न्हाणीला काचेच्या पट्ट्यांची खिडकी, तिच्यातून असा वारा यायचा की पुढून भाजायचं आणि पाठीमागून गोठायचं. सुरक्षा समितीच्या डोक्यानं त्यावर इलाज शोधला. गणपतीच्या मखराचा थर्माकोल माळ्यावर पडला होता. तो मापात कापला, खिडकीत बसवला आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. मुंगीलासुद्धा आत यायला जागा ठेवली नाही. न्हाणी एकदम उबदार झाली. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली.

त्यानंतर घरात सगळ्यांची डोकी दुखायला लागली.

सुनंदाला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. नंबर वाढला नव्हता, पण तिनं चष्मा बदलला. पल्लवीचं डोकं अभ्यासानं दुखतंय असं ठरलं, तेव्हा तिनं लगेच अभ्यास कमी केला. मला कंपनीच्या चहावर संशय आला, म्हणून मी चहा सोडला. शेजारचे हवालदारकाका पोलिसातून निवृत्त झालेले, त्यांनी घरात फिरून तपास केला आणि पलंगाची दिशा चुकलीय असा निष्कर्ष काढला. पलंग फिरवला. आता डोकं वेगळ्या दिशेला दुखायला लागलं, एवढाच फरक.

त्यातल्या त्यात रविवारी जास्त दुखायचं. रविवारी निवांत न्हाणं, केस धुणं, म्हणजे गिझर अर्धा-अर्धा तास चालू, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. माझ्या ध्यानात आलं ते असं, की रविवारी आपण मटण खातो. म्हणून मी मटण बंद केलं. कोल्हापूरच्या माणसानं ओळीनं दोन रविवार मटण सोडलं, पण खिडकीतला थर्माकोल काढला नाही!

सुनंदानं एकदा सांगितलं की ज्योत हल्ली पिवळी दिसते आणि गिझरच्या डोक्यावर काजळी धरलीय. मी म्हणालो, देवापुढच्या दिव्याची ज्योत पिवळीच असते, तिला आपण काही म्हणतो का? तरी तिच्या समाधानासाठी मी साबणाचा फेस करून सगळ्या नळीला लावला. कुठं बुडबुडा आला नाही. वास नव्हताच. गळती नाही म्हणजे धोका नाही, असं मी जाहीर केलं. सुनंदा गप्प बसली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळायला हवा होता.

अशात जानेवारीत मामा आले. मामा म्हणजे माझे सासरे. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म काढला, चंदगड आगारातून निवृत्त झाले. कोल्हापूरला आले होते कवळी बसवायला. उरलेसुरले दात काढून झाले होते, कवळीचं माप दिलं होतं, ती तयार होईपर्यंत चार दिवस आमच्याकडं राहणार होते. दात नसल्यानं बोललेलं निम्मं कळायचं नाही, पण आवाज एसटीतलाच होता.

त्यांच्या आंघोळीची एक तऱ्हा होती. लोक अंगावर पाणी घेताना नद्यांची नावं घेतात, मामा थांब्यांची घ्यायचे. पहिला तांब्या कागल, दुसरा निपाणी, मग संकेश्वर, गडहिंग्लज, नेसरी, आडकूर, आणि शेवटी चंदगडला बादली संपायची. मग दुसरी बादली भरून परतीचा प्रवास. आम्ही बाहेर बसून गाडी कुठं आली ते ऐकायचो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ते न्हाणीत गेले. गिझर चालूच ठेवून बसले, कारण बंद करायचा असतो हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मी ओसरीत पेपर वाचत होतो. कागल झालं. निपाणी झालं. एकदा चंदगड करून गाडी माघारी आली आणि पुन्हा निघाली. संकेश्वर जरा दमानं आलं. गडहिंग्लज अगदी हळू आलं. त्यानंतर नुसता पाण्याचा आवाज.

मी पेपराचं पान उलटलं. सुनंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिनं विचारलं, नेसरी झालं का? मी म्हणालो, थांबले असतील चहाला. ती हसली नाही. तिनं दारावर थाप मारली, आबा, आबा अशी हाक मारली. आतून उत्तर नाही. पाणी मात्र पडतंय. तिनं पुन्हा हाक मारली, तेव्हा तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता, आणि मी पेपर टाकला.

मी उठलो आणि खांद्यानं दाराला धडक दिली. दार हललं नाही. दुसरी धडक दिली, तेव्हा खांद्यातून कळ थेट दाढेपर्यंत गेली. तिसऱ्या धडकेसाठी मी मागं सरत होतो, तेवढ्यात सुनंदा म्हणाली, "अहो, दार बाहेर उघडतंय." तिनं दोन्ही हातांनी मूठ धरली, पाय भिंतीला लावला आणि असा हिसका मारला की आतली कडी स्क्रूसकट उपटून आली.

आत सगळी वाफ. मामा पाटावर भिंतीला टेकून बसले होते, मान छातीवर, हातात तांब्या. खरं तर त्यांना आधी बाहेर ओढायला हवं होतं. मी आधी गिझर बंद करायला गेलो. बटण दिसलं, तिथं हातही पोचला, गिझर बंद झाला, आणि मग माझे गुडघे कुणी तरी काढून घेतल्यासारखे झाले. मी मामांच्या शेजारी ओल्या फरशीवर बसलो. उठावंसं वाटेना. तिथं बसणं बरोबर आहे असंच वाटत होतं, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

सुनंदाच्या ओरडण्यानं हवालदारकाका गडगा ओलांडून आले. त्यांनी आणि तिनं आधी मामांना उचललं, मग परत येऊन मला काखेत धरून ओढलं. अंगणात दोघांना शेजारी शेजारी निजवलं. गार वारा लागला तसं माझं डोकं ताळ्यावर आलं. मामा नुसत्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत, डोळे मिटलेले, चेहरा लालभडक. पल्लवी त्यांचे तळपाय चोळत होती आणि रडत होती. गल्ली गोळा झाली.

थोड्या वेळानं मामांचे ओठ हलले. सगळे खाली वाकले. दातांवाचून शब्द नीट उमटत नव्हता. "पं... पं..." असं काहीतरी ते परत परत म्हणत होते.

हवालदारकाका ताठ झाले. "पंचनामा म्हणत्यात," ते गंभीरपणे म्हणाले. "जबाब द्यायचा हाय त्यास्नी."

गल्लीनं माझ्याकडं बघितलं. मी उताणा पडूनच सगळ्यांना सांगायला लागलो की मी काही केलं नाही. तेवढ्यात मामांनी डोळे उघडले, भोवतीच्या बायका बघितल्या, आणि सगळा जोर एकवटून शब्द पुरा केला, "पंचा!" सुनंदानं पळत जाऊन पंचा आणला आणि त्यांच्या अंगावर घातला, आणि मग ती खाली बसून इतकी रडली की गल्लीतल्या बायकाही रडल्या.

रिक्षातून आम्हा दोघांना दवाखान्यात नेलं. तोंडाला ऑक्सिजनचे मुखवटे लावून शेजारशेजारच्या खाटांवर ठेवलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो न्हाणीच्या खिडकीचा. मी मुखवट्याआडून काहीतरी पुटपुटलो. सुनंदानं स्पष्ट सांगितलं, थर्माकोल, चिकटपट्टीसकट. डॉक्टर म्हणाले, गॅस जळायला हवा लागते. कोंडलेल्या जागेत हवा कमी पडली की अर्धवट जळतो आणि विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते. उशीर झाला तर माणूस उठतच नाही. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाचं डोकं दुखायचं का?

सुनंदा म्हणाली, सगळ्यांचं, पल्लवीचंसुद्धा. दर रविवारी पल्लवी त्याच न्हाणीत दार लावून केस धुवायची. तेवढा एकच विचार माझ्या डोक्यात आला आणि मी तोंड भिंतीकडं फिरवलं. डॉक्टरांना वाटलं मला मळमळतंय. त्यांनी ओकायला तसराळं पुढं केलं.

तासाभरानं मामांनी मुखवटा बाजूला केला आणि मला हाक मारली. म्हणाले, "पावणं, पाणी तापवायचं हुतं, का मला?"

मी त्यांची माफी मागितली. मुखवट्यामुळं ती त्यांना कळली नाही, म्हणून परत मागितली. ते म्हणाले, असू दे, पर चंदगडात मी सांगणार. आणि त्यांनी सांगितलं. प्रत्येक गाडीत.

घरी आल्याबरोबर पल्लवीनं थर्माकोल उपटून फेकला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं गिझर खोलला, आतली काजळी झाडली, आणि गिझर न्हाणीतून काढून मागच्या उघड्या बोळात भिंतीवर लावला. आता नुसतं पाणी आत येतं, आग बाहेर राहते. या वेळी त्यानं सगळ्या सूचना फक्त सुनंदाला दिल्या. मी शेजारी उभा होतो, माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

तरी सुनंदाची भीती गेली नाही. तिनं नियम केला, की घरात कुणीही आंघोळीला गेलं की दुसऱ्यानं बाहेर स्टूल टाकून बसायचं आणि दर दोन मिनिटांनी हाक मारायची. आतल्यानं ओ द्यायची. पल्लवीला मी हाक मारायचो, सुनंदाला पल्लवी मारायची, मामा आले की त्यांच्यासाठी आम्ही तिघंही बसायचो.

माझ्या आंघोळीच्या वेळी मात्र स्टूल रिकामं असायचं. दोन-तीन आठवडे मी वाट बघितली, मग एक दिवस अंग पुसून बाहेर आलो आणि विचारलं, माझ्यासाठी कुणीच का बसत नाही?

सुनंदा भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुम्ही आत गेल्यापासनं बाहेर येईस्तोवर आम्हाला अक्कल शिकवत असतासा की. ज्या दिवशी गप्प व्हाल, त्या दिवशी पळत येतो."